गुरुवारची चाल

बाबा गेल्यानंतर सहाव्या आठवड्यात कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा कॅप्टन आमच्या दारात आला आणि म्हणाला, "ताई, तुमचे मामा डावीकडून येतात की उजवीकडून?"

मी सातवीच्या भूगोलाची प्रुफं तपासत होते. एकाच वाळवंटाचं क्षेत्रफळ दोन पानांवर वेगवेगळं दिलं होतं, त्यामुळे माझा आधीच कुणावर भरवसा राहिला नव्हता.

"येतात म्हणजे?"

"घरी येताना."

"दारातून येतो," मी म्हटलं.

तो चौकटीखाली वाकून उभा होता. उंची सहा फूट चार इंच. संघात त्याला खांब म्हणत. त्याच्या काखेखालून एक बुटका, चष्मेवाला मुलगा पुढे आला. चेंडू ज्याचा त्याला पोचवायचं काम त्याचं, म्हणून त्याला टपाल म्हणत.

"ताई, त्याला नीट विचारता येत नाही," टपाल म्हणाला. "आम्ही तीन मॅच हरलोय. परवाची तर चाळीसने. आमचा मामा चुकतोय. आत्या तर पारच बिघडलीय. आई तेवढी बरी आहे."

आतून आईचा आवाज आला, "कोण आहे गं? आणि कुणाची आई बरी आहे?"

दोघांना बसवलं, चहा दिला, आणि मग हळूहळू उलगडा झाला.

बाबा कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. बावीस वर्षं त्यांनी सकाळी काचेच्या नळ्या धुतल्या आणि संध्याकाळी पाच ते सात मुलांना बास्केटबॉल शिकवला. ते प्राध्यापक नव्हते, तरी मुलं त्यांना सर म्हणत, आणि काही प्राध्यापकांना ते सहन होत नसे. एवढं मला माहीत होतं. चाली कशा शिकवत ते माहीत नव्हतं. फळ्यावर बाण काढले की पोरांना बाण पाठ होतात, खेळ होत नाही, असं त्यांचं मत होतं म्हणे. म्हणून ते फळा वापरत नसत. नातेवाईक वापरत.

आमचे नातेवाईक.

चेंडू हातातून गेला की 'आई' असं ओरडायचं. मग हातातलं सगळं टाकून पाचही जणांनी आपल्या रिंगखाली पळायचं आणि आपापल्या जागी असं उभं राहायचं, की जणू सकाळपासून तिथेच आहोत. 'मामा'मध्ये कुणीतरी कुठेतरी खूप घाईने जायचं. 'आत्या'मध्ये रिंगखाली ठाण मांडायचं. अशा नऊ-दहा चाली होत्या. कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. सर सांगत, 'मामासारखा जा,' आणि मामा कसा जातो त्याचं वर्णन करत. जुनी मुलं पास होऊन गेली, उरलेल्यांना अर्धंमुर्धं आठवत होतं, आणि प्रत्येकाला वेगळं.

"मी म्हणतो मामा डावीकडून," खांब म्हणाला. "हा म्हणतो उजवीकडून. गेल्या मॅचला आम्ही दोघं मध्ये येऊन आपटलो."

त्याच्या कपाळावर अजून टेंगूळ होतं.

"म्हणून म्हटलं," टपालने कप खाली ठेवला, "मूळ माणसं बघायला मिळतील का?"

दोन प्रतींत फरक पडला की मूळ हस्तलिखित मागवायचं, हा माझ्या धंद्यातला साधा नियम. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आईला वाटलं.

"म्हणजे बावीस वर्षं हा माणूस माझ्या भावाची तिथे नक्कल करत होता?"

"नक्कल नाही, काकू," टपाल म्हणाला. "अभ्यास."

त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटातून बाबांची सरावाची वही आणली होती. मी ती उघडली. अक्षर त्यांचं, बाटल्यांवरच्या लेबलांसारखं सुटं आणि ठळक. सोमवार: आई, आई, मामा. मंगळवार: आत्या. बुधवार: मामा, आई. गुरुवार: ताई. पुढच्या आठवड्यात गुरुवार: ताई. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. मी मागे मागे चाळत गेले. गुरुवारी दुसरं काहीच नव्हतं.

मी आईबाबांची एकुलती एक, पण गल्लीतली पोरं मला ताई म्हणायची, त्यामुळे घरातही तेच नाव पडलं.

"ही काय करते?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खांबचे कान लाल झाले.

"ती मॅचला नसते," टपाल म्हणाला. "फक्त प्रॅक्टिसला."

"पण करते काय?"

"काही नाही, ताई. हातपाय मोकळे करायला असते तशी."

हा मुलगा खोटं बोलत होता आणि त्याला ते नीट जमतही नव्हतं. मामा कसा आहे ते मी चाळीस वर्षं पाहत होते, त्याच्याबद्दल बाबांचं मत कळायला मला चालीची गरज नव्हती. माझ्याबद्दलचं मात्र हवं होतं. अकरा वर्षं मी दुसऱ्या शहरात राहिले. दर रविवारी फोनवर बाबा विचारायचे, 'कधी येतेस?' मी म्हणायची, 'पुढच्या महिन्यात.' मग ते रिंगच्या जाळीबद्दल किंवा नव्या मुलांबद्दल बोलायचे. ते मंगळवारी गेले आणि मी बुधवारी दुपारी पोचले. आमच्यात भांडण नव्हतं, त्यामुळे मिटवण्यासारखंही काही उरलं नव्हतं. फक्त ही एक वही होती आणि तिच्यात दर गुरुवारी मी होते.

"मामा दाखवते," मी म्हटलं. "आत्याही दाखवते. पण ताई मला सांगायची."

"सीझन झाल्यावर सांगू," खांब घाईने म्हणाला.

मामा रविवारी आला, न्हाणीघरातला नळ दुरुस्त करायला. नळ गळतो असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला आपोआप कळतं. दोन्ही मुलं स्वयंपाकघराच्या दाराशी वही-पेन घेऊन उभी. ही कॉलेजची मुलं सर्वेक्षण करायला आलीत, असं आईने सांगितलं होतं.

"बाजूला व्हा, बाजूला व्हा!" मामा फाटकापासूनच ओरडत आला. "पाना कुठाय? स्टूल कुठाय? अगं ताई, तू स्टूल धर. ए उंच, तू हा पाइप धर. अहो, वरचे! जरा खाली या, मुख्य नळ बंद करा!"

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ बनियनवर खाली आले. पाच मिनिटांत मामाभोवती चार माणसं होती आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. मामा स्टुलावर उभा राहून जुन्या काळच्या पितळेची थोरवी सांगत होता. तेवढ्यात आई मागच्या दाराने आत गेली, तिने नळाचा वायसर बदलला आणि हात पुसत बाहेर आली.

टपालने श्वास रोखून धरला होता. "खांब," तो कुजबुजला, "तो ओरडतो."

"हो की."

"आपण गप्प जातो! डावी-उजवीचा प्रश्नच नाही. मामा चेंडूकडे जातच नाही. तो ओरडत दुसरीकडे जातो आणि दोन-तीन माणसं घेऊन जातो. चेंडू मागच्या दाराने."

"काय लिहितोयस रे?" मामाने वरून विचारलं.

"तुमच्याशिवाय काम झालं नसतं, असं लिहितोय," टपाल म्हणाला. ते खरंही होतं.

आत्याचं अवघड होतं. ही चाल चांगली बसायची, पण आता दर वेळी रेफरीची शिट्टी वाजत होती. नियम असा, की चेंडू आपल्याकडे असताना समोरच्या रिंगखालच्या चौकटीत तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही.

"आत्या तीन सेकंदांत कधी उठलीय?" आई म्हणाली. "शनिवारी आली की सोमवार उजाडतो."

आत्या शनिवारी आली. तिने खुर्ची निवडली. ती नेहमी पंख्याखालची निवडते, मग आधी तिथे कुणी बसलेलं का असेना. खांब त्या खुर्चीत बसला होता. आत्याने त्याला उठ म्हटलं नाही. ती नुसती पाठ करून खुर्चीला टेकली आणि मागे मागे सरकली. सहा फूट चार इंचांचा मुलगा बाजूच्या स्टुलावर कधी गेला ते त्यालाही कळलं नाही. त्याने वहीत काहीतरी खरडलं.

चार वाजता आत्या म्हणाली, "चला, निघते आता." ती उठली, पर्स घेतली, दारापर्यंत गेली. "अगंबाई, एक सांगायचं राहिलंच," म्हणत परत आली आणि बसली. पाच वाजता पुन्हा उठली. चपला घातल्या. "पाणी देतेस का गं घोटभर?" परत आली, बसली. सहा वाजेपर्यंत हे चार वेळा झालं.

टपालच्या हातातलं पेन थांबलं होतं. "निघायचं," तो देवळात बोलावं तशा आवाजात म्हणाला. "दारापर्यंत जायचं. आणि परत येऊन बसायचं. तीन सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. सरांनी हे सांगितलं होतं रे! आपण विसरलो."

"कोण विसरलं?" आत्याने विचारलं. "आणि हा मुलगा माझ्याकडे असा का बघतोय?"

त्या वेळी आईला राहवलं नाही आणि तिने सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आत्या रागावेल. आत्याने चष्मा काढून पुसला.

"म्हणजे मला तिथून कुणी हलवू शकत नाही?"

"कुणीच नाही," खांब मनापासून म्हणाला.

"दादा असं म्हणाला?"

"दर मंगळवारी."

"चौथी मॅच कधी आहे?" आत्याने विचारलं.

तर अशा रीतीने आमचं घर मॅचला जाऊ लागलं. आई याआधी एकदाही गेली नव्हती. 'घरात तेच ऐकते, आता तिथे जाऊन बघू कशाला?' हे तिचं बावीस वर्षांचं उत्तर होतं. आता ती स्वेटर घालून पहिल्या रांगेत बसली. शेजारी आत्या, आणि तिच्या शेजारी मामा. त्यालाही आता कळलं होतं आणि तो नाराज होता.

"म्हणजे मी नुसताच पळतो? चेंडू मिळतच नाही?"

"तू तिघांना घेऊन जातोस ना," आई म्हणाली.

"मग टाळ्या कुणाला?"

हॉल जुना होता. एकाच जमिनीवर बास्केटबॉल, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटन यांच्या तीन रंगांच्या रेषा होत्या आणि पाहुण्या संघाला पहिली दहा मिनिटं कुठली रेष आपली ते कळायचं नाही. आमचा तो एकमेव फायदा. बाबांच्या जागी कॉलेजने ग्रंथपालांना बसवलं होतं, कारण नियमाप्रमाणे बाकावर कॉलेजचा एक तरी माणूस लागतो आणि संध्याकाळी तेच मोकळे होते. त्यांनी कर्तव्य म्हणून ग्रंथालयातली बास्केटबॉलवरची तिन्ही पुस्तकं स्वतःच्या नावावर काढून वाचली होती. त्यातलं एक इतकं जुनं, की त्यातल्या चित्रात रिंगच्या जागी टोपली होती आणि तिला अजून बूड होतं. खेळ रंगात आला आणि प्रेक्षक ओरडू लागले, की ते सवयीने वळून ओठांवर बोट ठेवत. आणि खरंच शांतता व्हायची.

चौथ्या मॅचला पहिला मामा सुटला तेव्हा खांब एवढ्या मोठ्याने "बाजूला व्हा, बाजूला व्हा!" ओरडत कोपऱ्याकडे धावला, की समोरचे तिघं घाबरून त्याच्यामागे गेले आणि रेफरीसुद्धा दोन पावलं बाजूला झाला. टपालने मागच्या दाराने चेंडू आत घातला. पहिल्या रांगेत खरा मामा उभा राहिला. चारी बाजूंना वळून त्याने मान लववली.

उत्तरार्धात आत्या बसली. संघातला एक जाडसर मुलगा पाठ लावून मागे सरकत रिंगखाली गेला, दोन सेकंदांनी "निघतो" असा चेहरा करून त्याने चौकटीबाहेर पाऊल टाकलं, आणि परत येऊन बसला. समोरचा बचावपटू प्रत्येक वेळी हुश्श करायचा आणि प्रत्येक वेळी फसायचा.

"पर्स हवी होती त्याच्याकडे," आत्या म्हणाली.

ती मॅच आम्ही अकरा गुणांनी जिंकलो. पाचवीही जिंकलो. आईला एकच तक्रार होती.

"माझी चाल सगळ्यात जास्त वेळा होते, पण तेव्हा चेंडू दुसऱ्याकडे असतो. कुणाचं लक्षच नसतं."

"घरीही तसंच होतं की," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग हसली. बऱ्याच दिवसांनी.

"तुझी कुठली?" तिने विचारलं. "तुझी अजून दिसली नाही."

मी दर मॅचला तेच पाहत होते. प्रत्येक टाइमआउटला कान लावून बसायचे. आई, मामा, आत्या, पुन्हा मामा. मला ऐकायचं होतं ते नाव कुणी घेत नव्हतं. एकदा मी टपालला पाण्याची बाटली देताना विचारलं, तर त्याने एवढं पाणी तोंडात घेतलं की बोलणं अशक्य झालं.

सहावी मॅच हरलो, कारण तोवर सगळ्या कॉलेजांना आमचे नातेवाईक ओळखू यायला लागले होते. खांब ओरडत पळाला की समोरच्यांचा कोच बाकावरून सांगायचा, "जाऊ दे, तो मामा आहे." मामाने हा अपमान फार मनाला लावून घेतला. आठ संघांच्या यादीत आम्ही शेवटून दुसरे होतो. सातवी मॅच हरलो, की आम्ही शेवटचे आणि पुढच्या वर्षी खालच्या गटात.

ती मॅच शनिवारी होती. आदल्या गुरुवारी पाच वाजता मी हॉलवर गेले आणि बाकावर जाऊन बसले.

"आज गुरुवार आहे," मी म्हटलं.

चेंडूचा आवाज थांबला. जाडसर मुलगा बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला. शेवटी टपालच पुढे आला.

"चौघांनी उजवीकडे जायचं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "डावी बाजू अख्खी रिकामी ठेवायची. तिकडे कुणीही पाऊल टाकायचं नाही, काहीही झालं तरी. समोरचे आपोआप आमच्याकडे ओढले जातात. आणि खांब एकटा लांब, मध्यरेषेच्या पलीकडे. त्याने त्या रिकाम्या जागेत यायचं."

"कधी?"

"तेच तर. सर म्हणायचे, तिचं तिला कळेल."

"मग?"

"मग काही नाही. चोवीस सेकंदांत रिंगकडे चेंडू टाकावा लागतो. ते संपायचे. सर शिट्टी वाजवायचे आणि म्हणायचे, परत."

"दर गुरुवारी?"

"मी आल्यापासून तीन वर्षं. त्याच्या आधीही होतंच म्हणे."

"एकदाही जमली नाही?"

"एकदा आला होता तो. पण तेव्हा वेळ संपून गेली होती. आम्ही पाणी पीत होतो."

मी खांबकडे पाहिलं. त्याचे कान आता जांभळे झाले होते.

"हे सांगायला एवढं काय लाजायचं?" मी विचारलं. "न जमलेल्या चाली सगळ्यांकडेच असतात."

"तसं नाही, ताई," टपाल म्हणाला. "सर ओरडायचे त्याच्यावर."

"ओरडू देत की. रोजच ओरडत असतील."

"रोज 'अरे गाढवा' म्हणायचे. गुरुवारी 'अगं' म्हणायचे."

जाडसर मुलाने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

"'अगं, ये की आता,'" टपालने बाबांचा आवाज काढला नाही, साधंच सांगितलं. "'अगं, जागा ठेवलीय तुझी. किती वेळ धरून ठेवायची यांनी?' असं. त्याला. सहा फूट चारला."

"कडेला व्हॉलीबॉलच्या मुली थांबलेल्या असायच्या," खांब म्हणाला. त्या संध्याकाळचं त्याचं पहिलं वाक्य ते. मग त्याने आणखी एक जोडलं. "पूर्ण टीम."

वर रिंगची जाळी दोन ठिकाणी सुटली होती. फोनवर बाबा जिच्याबद्दल सांगायचे ती हीच असावी.

"करून दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी दाखवली. चौघं उजवीकडे गेले. डावी बाजू रिकामी झाली, तीन रंगांच्या रेषांसकट. खांब पलीकडे उभा राहिला आणि उभाच राहिला. पंधरा सेकंद, वीस सेकंद. चोवीस झाले तेव्हा टपालने चेंडू काखेत घेतला.

"येत का नाहीस?" मी विचारलं.

"कळत नाही कधी यायचं," खांब म्हणाला. "सर ओरडले की लाज वाटायची, पाय उचलायचा नाही. आता कुणी ओरडत नाही, तर वाटतं, अजून वेळ आहे."

मी त्यांना पुन्हा करायला सांगितलं नाही. घरी गेल्यावर आईने विचारलं, "कळली का तुझी?"

"कळली."

"कशी आहे?"

"अजून बसलेली नाही," मी म्हटलं आणि भूगोलाची प्रुफं पुढे ओढली.

शनिवारी हॉल भरला होता. मामाने वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनाही आणलं होतं. या वेळी ते शर्टात होते. खेळ शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. मामा ओळखला गेला, तरी ओरडण्याने एकदा-दोनदा चाललं. आत्याला दोघांनी मिळून अडवलं. "दोघं लागले, बघा," आत्या चारचौघांना ऐकवत होती. वीस सेकंद उरले तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो आणि चेंडू आमच्याकडे होता. टाइमआउट झाला.

मी बाकाच्या मागेच बसले होते. मुलं घाम पुसत उभी होती आणि कुणाला काही सुचत नव्हतं.

"मामा?"

"तो काय, सगळे ओळखतात त्याला."

"ओळखतात म्हणजे?" मामा मागून म्हणाला.

ग्रंथपालांनी मांडीवर बाबांची वही उघडली होती. त्यांनी तिची विषयवार सूची केली होती, हे मला नंतर कळलं. त्यांनी चष्मा वर केला आणि त्या हंगामातली त्यांची पहिली आणि शेवटची सूचना दिली. "यादीत आणखी एक नाव आहे."

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. ते मैदानात गेले.

चौघं उजवीकडे सरकले. समोरचे त्यांच्यामागे गेले. सतरा, सोळा.

"अगं, ती एवढी जागा कशाला सोडलीय?" आईने विचारलं.

"कुणीतरी यायचंय."

"कोण? कधी?"

तेरा. बारा. खांब मध्यरेषेपलीकडे उभा होता आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. हॉल ओरडत होता आणि ग्रंथपाल बोट ओठांवर न्यायचं विसरले होते. मी बाकाची कड धरली. ओरडावंसं वाटलं, पण ते शब्द माझे नव्हते. दहा.

खांब निघाला.

त्याला कुणी बोलावलं नाही. तो एवढा सरळ आणि एवढा वेळेवर आला की मी उभी राहिले. सात सेकंद होते. डाव्या बाजूला तो एकटा, रिंगखाली, दोन्ही हात वर. आसपास दहा फुटांत माणूस नाही.

आणि टपाल घड्याळाकडे बघत होता.

त्याचा दोष नव्हता. तीन वर्षं, दर गुरुवारी, तिकडे कुणीही वेळेत आलेलं त्याने पाहिलं नव्हतं. चार सेकंदांवर त्याने सहज मान वळवली, खांबला जागेवर पाहिलं आणि भूत दिसल्यासारखा दचकला. त्या दचक्यात त्याने चेंडू अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून फेकला. तो खांबच्या नाकावर बसला, तिथून उडून मामाच्या मांडीवर पडला, आणि भोंगा वाजला.

मामाने चेंडू दोन्ही हातांनी वर धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तो मिळाला होता.

हॉल रिकामा व्हायला वेळ लागला नाही. जिंकलेले ओरडत गेले, आमचे खालच्या गटात गेले. खांब नाकात कापूस घालून जमिनीवर बसला होता. टपालने डोक्यावर टॉवेल घेतला होता. आई पर्स सावरत खाली उतरली आणि थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कुठे बघत होतास रे?"

"घड्याळाकडे, काकू."

"तो आला होता."

"हो. पण तो कधी येतच नाही हो, काकू." टॉवेलमधून त्याचा आवाज चिरका आला. "तुम्हाला माहीत नाही. किती वर्षं आम्ही जागा ठेवून उभे आहोत. सर असते तर त्यांनीसुद्धा घड्याळाकडेच बघितलं असतं."

आईने विचारलं, "काय नाव या चालीचं?"

टपालने टॉवेल बाजूला केला, माझ्याकडे पाहिलं आणि नाव सांगितलं.

आईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. ती पहिल्या रांगेत जाऊन बसली, पर्स मांडीवर घेतली. "मला नीट दिसलं नाही मघाशी," ती म्हणाली. "पुन्हा करून दाखवा."

"काकू, मॅच संपली."

"मी मॅच कुठे मागतेय?"

समोरचा संघ निघून गेला होता, म्हणून त्यांच्या जागी मामा, आत्या आणि वरच्या मजल्यावरचे गृहस्थ उभे राहिले. ग्रंथपाल हॉलची किल्ली घेऊन आले होते. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं आणि ते पुन्हा बाकावर बसले. मुलं उजवीकडे गेली. डावी बाजू रिकामी झाली.

पहिल्यांदा खांबला उशीर झाला. तो कापूस सारखा करत होता.

"परत," आई म्हणाली.

दुसऱ्यांदा तो वेळेवर आला, टपालने बघितलं, चेंडू नीट हातात दिला. खांबने तो वर टाकला. चेंडू रिंगच्या कडेवरून दोनदा फिरला आणि बाहेर पडला. खाली आत्या उभी होती. तिने तो धरला आणि सोडेचना.

"वन्सं, चेंडू द्या त्यांना," आई म्हणाली. "परत."